पतन, प्रत्यागमन आणि उपासना : ठाणे-कल्याण परिसरातील ख्रिस्ती लेखनपरंपरेचा एक विचार

ख्रिस्ती इतिहासलेखनात नैतिक ऱ्हासाची कल्पना प्राचीन इस्रायलाच्या कथेवर घडलेली आहे. 'शास्ते' या ग्रंथात एकच क्रम पुनःपुन्हा येतो : लोक परमेश्वराची उपासना सोडतात, आचारभ्रष्ट होतात, शत्रूच्या हाती पडतात, धावा करतात आणि पुन्हा वेदीकडे वळतात. या क्रमात उपासनेचा लोप हे कारण व आचाराचा ऱ्हास हे कार्य होय. ठाणे-कल्याण परिसरातील ख्रिस्ती लोकांविषयी ज्या परकीय धर्मोपदेशकांनी व प्रवाशांनी लिहिले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात हा साचा होता. येथील माणसे त्या साच्यात कितपत बसत होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला आहे.

या परिसरातील ख्रिस्ती वस्तीचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. च्या सहाव्या शतकातील कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस याच्या ग्रंथात सापडतो. 'कल्लियाना' येथे बिशप असून त्याची नेमणूक पर्शियातून होते, असे तो सांगतो. हे स्थळ म्हणजे ठाण्याजवळील कल्याण होय, हे मत सामान्यतः ग्राह्य मानले जाते. ते कोल्लम असावे असाही एक पक्ष आहे. यानंतर सुमारे आठ शतकांनी ठाण्यास आलेल्या जॉर्डेनस या डोमिनिकन साधूला भेटलेले ख्रिस्ती नावापुरतेच ख्रिस्ती वाटले. ते इकडेतिकडे विखुरलेले आहेत, त्यांना बाप्तिस्मा नाही, धर्माचे ज्ञान नाही आणि ते संत थोमा यासच ख्रिस्त समजतात, असा त्याचा अभिप्राय आहे. सोपारा व ठाणे यांच्या दरम्यान आपण पस्तीस जणांना बाप्तिस्मा दिल्याचेही तो आपल्या पत्रात कळवितो. पाश्चात्त्य साधूच्या दृष्टीने हे प्रत्यागमन होते. ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांना ते तसेच वाटले असेल, असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

याच काळातील दुसरी हकीकत अधिक बोलकी आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यास चार फ्रान्सिस्कन मारले गेले : टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि डेमेट्रियस. पुढे थोड्याच काळाने तेथे आलेला ओडोरिक ही कथा सविस्तर सांगतो. त्याच्या मते त्या वेळी ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती आणि ते पाखंडी होते. चौघे साधू त्यांपैकीच एका घरी उतरले. त्या घरी नवराबायकोचे भांडण होऊन नवऱ्याने बायकोस मारले. तिने काजीकडे फिर्याद केली आणि पुरावा विचारला असता घरी उतरलेल्या परदेशी साधूंचे साक्षीदार म्हणून नाव घेतले. काजीपुढे साक्षीऐवजी धर्मचर्चाच सुरू झाली, पैगंबरांविषयीच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरावरून प्रकरण विकोपास गेले आणि शेवट हत्येत झाला. पुढील धर्मकथांत हुतात्मे तेवढे राहिले, यजमान व त्याची पत्नी मागे पडली. वास्तविक मार खाल्लेल्या स्त्रीने न्यायासाठी दार ठोठावणे ही या संपूर्ण वृत्तांतातील निखळ नैतिक घटना होय. आणि ज्यांना पाखंडी म्हटले त्यांच्याच घरी पाहुण्यांना आश्रय मिळाला होता. उपासनेच्या शुद्धतेवरून आचाराची किंमत ठरविणाऱ्या दृष्टीला हा विरोध दिसला नाही.

पोर्तुगीज अमलात साष्टी बेटावर देवळे, मठ व ख्रिस्ती गावे झाली. (ही साष्टी ठाण्याची, 'ख्रिस्तपुराणा'चा कर्ता फादर स्टीफन्स ज्या साष्टीत राहिला ती गोव्यातील. दोहोंची गल्लत अभ्यासकांकडूनही होते.) १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले व १७३९ मध्ये वसई पडली. युरोपीय पाद्री निघून गेले, अनेक देवळे ओस पडली. मिशनरी वृत्तांतांतून यापुढील काळ अंधाराचा म्हणून रंगविला जातो. त्याला छेद देणारी साक्ष १७६० मधील आहे. कान्हेरीची लेणी पाहण्यास निघालेला फ्रेंच पंडित आंकेतील द्यु पेराँ साष्टीतून गेला, तेव्हा ठाण्यातील ख्रिस्ती सण मोकळेपणाने साजरा होत असलेला त्याने पाहिला. राज्य मराठ्यांचे होते आणि धर्मगुरू एतद्देशीय होते. युरोपीय पाद्री गेल्याने उपासना बंद पडली नाही, एवढे यावरून निश्चित होते. तिला भाषेचा आधारही होता. फ्रान्सिस्कु वाझ दे गिमारायंश याचे १६५९ चे ख्रिस्तदुःखभोगावरील पुराण याच उत्तर कोकणातील ख्रिस्त्यांच्या मराठी बोलीत आहे आणि एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापले गेले. वाचणारे व ऐकणारे नसते तर पुनर्मुद्रणाचा खटाटोप कोणी केला नसता.

१८२५ मध्ये बिशप हेबर ठाण्यातील इंग्रजी चर्चच्या प्रतिष्ठापनेसाठी आला. शहरात मुख्यतः रोमन कॅथलिकांची वस्ती आहे. ते एक तर धर्मांतरित हिंदू किंवा वर्णाने व चालीरीतींनी एतद्देशीयांसारखे झालेले पोर्तुगीज आहेत, असे त्याने लिहून ठेवले. येथे लुगडे, मंगळसूत्र, सोयरीक हेच पतनाचे लक्षण ठरू पाहते. उपासना घसरली असे म्हणण्यास आधार नसला, की दोष वेशभूषेवर लोटला जातो.

प्रत्यागमन नेहमी एकाच दिशेने झाले असेही नाही. १८२० व १८२८ मध्ये ब्राह्मणांच्या पुढाकाराने काही ख्रिस्ती घराण्यांस पुन्हा हिंदू समाजात घेण्यात आले. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये त्यांची 'वरप आगरी' म्हणून नोंद आहे. त्यांच्या दृष्टीने आधीच्या दोन-तीन शतकांचा काळ हेच विस्मरण होते आणि कुलदैवताकडे जाणे हीच उपासनेकडे परतण्याची वाट होती. उलट १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा मुंबई व साष्टीतील ख्रिस्ती गावांनी ठिकठिकाणी क्रूस उभारले आणि त्यांच्यापुढे सामुदायिक प्रार्थना चालविली. त्या क्रुसांपैकी काही अजून रस्त्याच्या कडेला उभे आहेत. संकटात माणूस जुन्या वेदीकडे धावतो, या बायबलमधील निरीक्षणाला दोन्ही घटना पुष्टी देतात. पण ती वेदी कोणती, हे संकट ठरवीत नाही. आचाराचा प्रश्न तर दोन्हीकडे वेगळाच राहतो. आगरी कुटुंब शेती, मिठागर व लग्नकार्य यांत काल जसे वागत होते तसेच आजही वागत राहिले, हे नाकारण्यास आधार नाही.

विसाव्या शतकात कारखानदारी व रेल्वे यांमुळे कल्याण-डोंबिवली पट्ट्यात केरळातून मोठी वस्ती आली. तिच्यातील सिरो-मलबार ख्रिस्त्यांसाठी १९८८ मध्ये कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापण्यात आला. त्यांची उपासनापद्धती पूर्व सिरियाच्या, म्हणजे कॉस्मसच्या बिशपाला जेथून नेमले जाई त्याच परंपरेची. यावरून कल्याणात प्राचीन चर्च 'परतले' असे म्हणण्याचा मोह होतो आणि धर्मप्रांताच्या इतिहासकथनात तो दिसणे स्वाभाविकही आहे. परंतु ही कुटुंबे सहाव्या शतकातील कल्याणकरांची वंशज नव्हेत. ती नोकरीसाठी आली, भाड्याच्या खोल्यांत राहिली आणि आपल्या मुलांना मल्याळमात प्रार्थना शिकविण्यासाठी त्यांनी धर्मगुरू मागितले. याच पट्ट्यातील जुन्या ख्रिस्ती घरांत प्रार्थनेची भाषा मराठी, कोकणी किंवा इंग्रजी असते.