न रंगवलेले शिवार

पिंपळगाव रेणुकाईच्या एखाद्या वर्गात ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले, तर वहीत काय उमटेल हे न पाहताही सांगता येते. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी आणि काठावर नारळ. भोकरदन तालुक्यातल्या पोराच्या चित्रात नारळ यावा कसा? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

या मुलखात कागद आणि रंग घेऊन येणारे काही थोडे नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस, पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी काम करणाऱ्या गंगाराम तांबटाने वेरूळची लेणी रेखाटली. १८४४ नंतर रॉबर्ट गिल अजिंठ्याला राहिला. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. १९१४ मध्ये निजाम सरकारने पुरातत्त्व खाते काढले, तेव्हा पैसा आणि लक्ष पुन्हा लेण्यांकडेच गेले. पगार प्रतींचा होता. वाटेतल्या शेतांचा कोणाला मिळणार?

तिकडे मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे.चे प्राचार्य सेसिल बर्न्स यांनी पारदर्शक जलरंगाचे वळण रुजवले. या पद्धतीत पांढरा रंग लावायचा नाही. ऊन दाखवायचे तिथे कागद कोरा ठेवायचा आणि बाकीचे पातळ रंगाच्या थरांनी बांधत न्यायचे. हळदणकर, परांडेकर यांच्या पिढीने हे माध्यम मराठी डोळ्यांना सवयीचे केले. पण शाळा मुंबईत, प्रदर्शने मुंबईत, हळदणकरांसारखे चित्रकार सावंतवाडीचे. ओली हिरवाई, पाणी आणि माड हेच ‘शांत खेडे’ ठरले, असे मला वाटते. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये. तोवर निसर्गचित्राचा साचा घट्ट झाला होता.

संस्थानी राजवट हे एकटे कारण मात्र पुरे पडत नाही. कोल्हापूरही संस्थानच होते. तिथे आबालाल रहिमान जे. जे.मध्ये शिकून परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि कोटितीर्थाच्या काठी राहून ते तोच परिसर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांतली शांतता प्रवाशाला दिसणारी नाही. ठाण मांडून बसलेल्या माणसालाच ती सापडते. असा माणूस आपल्या शिवाराच्या वाट्याला आला नाही, ही खरी उणीव.

वास्तविक कोऱ्या कागदाचा उजेड या भागाला शोभण्याजोगा आहे. चैत्रातली नांगरलेली काळी रानं, बांधावरची बाभूळ, दुपारचे रंग उडालेले आभाळ. हिरवा रंग थोडाच लागेल, असे वाटते खरे. पण पावसाळ्यात पिंपळगावचा मिरचीबाजार भरतो, तेव्हा हिशेब चुकतो. पोत्यांतून ओतलेल्या हिरव्या मिरचीचे ढीग, ठसक्याने शिंकणारी माणसे, परराज्यात जाणारे ट्रक. शांत चित्र काढायला बसलेल्याने आधी हा गलका सरेपर्यंत थांबायला हवे, किंवा तो कागदावर घ्यायला हवा. त्या पोराला मिरचीचा हिरवा नारळाच्या झावळीपेक्षा कितीतरी नेमका ठाऊक आहे. तो वहीत काढ, असे त्याला अजून कोणी सांगितलेले दिसत नाही.