अनिष्ट व अघोरी कृत्ये : सातारा व सांगली जिल्हे

अनिष्ट व अघोरी कृत्ये : माणसाने माणसाला जाणूनबुजून पोहोचवलेली अशी इजा, जिच्यासाठी इजा करणारा दैवी शक्तीचा, रूढीचा किंवा गावाच्या भल्याचा आधार सांगतो. वाईट कशाला म्हणावे, या प्रश्नाची सातारा व सांगली या जिल्ह्यांत वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली गेली. (हे दोन्ही जिल्हे १९४९ पर्यंत मुख्यतः एकाच सातारा जिल्ह्यात होते; तेव्हा वेगळ्या झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले.) त्यांपैकी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दिलेले उत्तर सर्वांत तपशीलवार व लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. त्यामुळे नोंदीतील बरीच जागा त्याने घेतली आहे.

संतपरंपरा : सज्जनगडावर देह ठेवलेल्या रामदासांनी (१६०८–८२) दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षण, कुविद्यालक्षण व पढतमूर्खलक्षण हे समास घातले. वाईटपणा येथे लक्षणांच्या रूपाने येतो, म्हणजे सवयींच्या, बोलण्याचालण्याच्या आणि इतरांशी वागण्याच्या रूपाने. लक्षण सोडता येते, त्यामुळे माणूस कायमचा वाया गेला असे या मांडणीत होत नाही. त्यातही पढतमूर्खाचा समास विशेष महत्त्वाचा : चांगले काय ते ज्याला ठाऊक आहे, जो ते दुसऱ्याला शिकवतोही आणि स्वतः आचरत नाही, त्याचे हे वर्णन आहे. तिसऱ्या दशकात माणसाच्या दुःखांची आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक अशी विभागणी आहे. देहातून उपजणारे दुःख, इतर भूतांच्या योगाने होणारे दुःख आणि कर्माचे फळ म्हणून मरणोत्तर भोगावी लागणारी यातना यांची तेथे गल्लत केलेली नाही. ज्ञानेश्वरांचे पसायदानातील मागणेही याच जातीचे : खळांचा वाकडेपणा जावा, असे ते मागतात, खळांचा नाश मागत नाहीत.

बाधा : गावपातळीवर वाईट हे पुष्कळदा बाहेरून येते असे मानले जाते. ‘बाहेरचं झालंय’, ‘लागीर झालंय’, ‘करणी केलीय’ हे शब्दप्रयोग आजही ऐकू येतात. त्यावर देवरुषी, भगत किंवा मांत्रिक उतारा, अंगारा, गंडादोरा देतो. घरच्या आईने मीठमोहरीने मुलाची दृष्ट काढणे हा याच समजुतीचा निरुपद्रवी भाग होय. बाधा ‘कोणी केली’ हे विचारले जाते तेथून धोका सुरू होतो, कारण उत्तरात एखाद्या जिवंत माणसाचे नाव येते. ते नाव पुष्कळदा एकट्या बाईचे, भाऊबंदाचे किंवा जमिनीच्या वादातील शेजाऱ्याचे असते.

जन्म : ब्रिटिश सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जाती व जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. रोजची हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडण्यास मनाई, आणि चोरी कुठेही झाली तरी पहिला संशय याच लोकांच्या वस्तीवर, असा त्याचा अंमल होता. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय मात्र कायद्याबरोबर गेला नाही. वाटेगाव (ता. वाळवा) येथे जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीचा नायक सरकारी दप्तरात दरोडेखोर, तर भुकेल्या वस्तीच्या लेखी तारणारा आहे. सातारा जिल्ह्यातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) हे आत्मकथन कैकाडी समाजाची बाजू मांडते. वाईटाची जितकी उत्तरे या परिसराने पाहिली, त्यांत सर्वांत मोठा अन्याय याच उत्तराने केला, असे येथे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक वाटते.

प्रतिसरकार : क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने (सु. १९४३–४६) गावोगाव न्यायदान मंडळे चालवली. गावगुंड, पिळवणूक करणारे सावकार, पोलिसांचे खबरे आणि स्त्रियांवर अत्याचार करणारे यांना या मंडळांनी गुन्हेगार ठरवले. तळपायांवर फटके ही सर्वज्ञात शिक्षा. शिक्षांच्या कठोरपणाविषयी व काही प्रकरणांविषयी मतभेद आहेत.

कायद्यातील व्याख्या : डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) हे मूळचे साताऱ्याचे. त्यांचे शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात व मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. समितीचे ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ सांगलीहून निघते. जादूटोणाविरोधी कायद्याच्या मागणीला विधिमंडळात अनेक वर्षे अडथळे आले. मसुदे बदलले, शब्द गाळले गेले. देव, श्रद्धा व धर्म यांवर हा घाला आहे, अशी भीती काही वारकरी व हिंदुत्ववादी संघटनांनी व्यक्त केली. मसुद्याचे श्रेय कोणाकडे किती, याबद्दल चळवळीतील संघटनांत एकवाक्यता नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. कराडचे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असलेल्या राज्य सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. खुनाच्या खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप सुनावली व तिघांची निर्दोष मुक्तता केली.

‘अनिष्ट’ आणि ‘अघोरी’ हे शब्द अधिनियमाच्या नावातच आहेत, पण त्यांची सर्वसाधारण व्याख्या त्यात कोठेही नाही. अनुसूचीत दिलेले कृत्य स्वतः करणे किंवा दुसऱ्याकडून करवणे म्हणजेच ही प्रथा, एवढेच कलम २ सांगते. अनुसूचीत १२ बाबी आहेत. भूत उतरवण्याच्या बहाण्याने साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, केस उपटणे, तापलेल्या वस्तूचे चटके देणे, मूत्र वा विष्ठा जबरदस्तीने तोंडात घालणे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे. गुप्तधन किंवा पाणी शोधण्यासाठी नरबळी वा जारणमारण. अमुक व्यक्ती करणी करते किंवा मंत्राने जनावराचे दूध आटवते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे. साप, विंचू वा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे. बोटाने शस्त्रक्रिया करतो किंवा गर्भाचे लिंग बदलतो असा दावा. अपत्य होण्याचे आश्वासन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध. मतिमंद व्यक्तीला अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिचा धंद्यासाठी वापर, अशी ही यादी आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन, इजा वा आर्थिक नुकसान न करणारे धार्मिक विधी, कान-नाक टोचणे, जैनांचे केशलोचन, वास्तुशास्त्र व ज्योतिषाचा सल्ला हे कलम १२ ने वगळले आहे.

भुताखेतांच्या अस्तित्वाविषयी या कायद्यात एक शब्दही नाही. भूत असो वा नसो, ते उतरवण्यासाठी बाईला चटके दिले की गुन्हा घडला. हेच या व्याख्येचे बळ होय : मनातील समजूत तपासायची नसल्याने पुरावा अंगावरच्या वळांचा, दिलेल्या पैशांचा आणि रोखलेल्या उपचारांचा राहतो. यादीत नाही ते मात्र सुटते, ही तिची मर्यादा.

म्हैसाळ : मिरज तालुक्यातील या एका गावात व्याख्येचे बळ व मर्यादा या दोन्ही गोष्टी दिसून आल्या. मार्च २०१७ मध्ये येथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले आणि खाजगी रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरला अटक झाली. मंत्राने गर्भाचे लिंग बदलण्याचा दावा अनुसूचीत बसतो. यंत्राने लिंग पाहून गर्भ पाडणे बसत नाही, त्यासाठी १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आहे. मुलगी नको ही इच्छा दोन्हींत एकच. जून २०२२ मध्ये याच गावात दोन भावांच्या कुटुंबांतील नऊ जण मृतावस्थेत आढळले. सुरुवातीस कर्जापायी सामूहिक आत्महत्या असे मानले गेले व सावकारीचे गुन्हे नोंदले गेले. नंतर पोलिसांनी, गुप्तधन काढून देतो असे सांगणाऱ्या मांत्रिकाने विष देऊन हे खून केल्याचे सांगितले व त्याला साथीदारासह अटक केली. मेलेल्यांत शिकलेली, नोकरीपेशातील माणसे होती. अडाणीपणा हे अशा घटनांचे एकमेव कारण सांगणारे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे ठरते.

मांढरदेव : वाई तालुक्यातील काळूबाईच्या डोंगरावर २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, चेंगराचेंगरी व आग यांत सुमारे ३०० भाविक दगावले. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दुकानांतील गॅसच्या टाक्या ही कारणे सांगितली गेली. न्या. राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. आवारातील झाडांना लिंबू, बिब्बे व काळ्या बाहुल्या खिळ्यांनी ठोकण्याची प्रथा आणि पशुबळी यांवर त्यानंतर निर्बंध आले. बाहुली ठोकणाऱ्याच्या मनात कोणाचे तरी वाईट व्हावे असे होते, आणि त्याने कोणी मेले नाही. गर्दीची व्यवस्था न करणाऱ्या कोणाच्याही मनात तसे नव्हते, आणि शेकडो मेले. कृत्यांच्या यादीला हेळसांडीचे मोजमाप करता येत नाही.

जातपंचायती : त्या घालत असलेल्या सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा राज्याचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला.

देवदासी प्रथा : देवीला मुली वाहण्याची ही प्रथा; जत व मिरज तालुक्यांतील सीमावर्ती गावांचा सौंदत्तीच्या यल्लम्माशी जुना संबंध.

शेजारचे राज्य : कर्नाटकाने महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यासारखाच कायदा २०१७ मध्ये केला व तो २०२० मध्ये लागू झाला. २०१३ नंतरच्या मधल्या सहा-सात वर्षांत जत किंवा मिरजेहून सीमा ओलांडून गेलेल्या रुग्णावर पलीकडे अघोरी उपचार झाले, तर त्याला महाराष्ट्राच्या अनुसूचीचे संरक्षण मिळत नव्हते; मारहाण व फसवणुकीची सर्वसाधारण कलमे तेवढी उरत.