भाकरी, बिस्कीट आणि हाड

आमच्या मोतीचे वय दहा वर्षे. जात म्हणाल तर गावठी. पिल्लू होता तेव्हापासून त्याचे जेवण ठरलेले आहे. सकाळी भाकरी कुस्करून दुधात, संध्याकाळी भात आणि त्यात उकडलेले थोडे मटण किंवा अंडे. गेल्या वर्षी शेजारचा एक तरुण घरी आला होता. त्याने मोतीची थाळी पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, दहा वर्षं तुम्ही याला चुकीचं खायला घालताय. कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा. त्याला कच्चं मांस आणि कच्ची हाडंच हवीत. भाकरी ही माणसानं लादलेली."

वाक्य मनाला लागले. त्यातून मोती काही महिने अंग खाजवत होता, मागचे पायही आखडत होते. हे माझ्याच हातचे तर नव्हे? दुसऱ्या दिवशी मी खाटकाकडून हाडे आणली. मोतीला केवढा आनंद झाला! शेपटी थांबेना. तिसऱ्या दिवशी मात्र तो अंगणाच्या कोपऱ्यात कुंथत बसला. शी झाली ती खडूसारखी पांढरी आणि कडक. तरुण म्हणाला, "सवय होईल, धीर धरा." डॉक्टर म्हणाले, "आधी हे बंद करा." मी जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. दोन जाणकारांत वाद असला की कागदपत्रे काढायची, ही जुनी खोड. तेव्हा मी विचारले, कुत्र्यापुढे भाकरी ठेवली कोणी आणि केव्हा?

फार मागे जावे लागले. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास व्हॅरो या रोमन पंडिताने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांवर एक प्रकरण आहे. तो सांगतो, कुत्र्याचे खाणे मेंढीपेक्षा माणसाच्या खाण्याला जवळचे. त्याला स्वयंपाकघरातले उरलेसुरले द्यावे, दुधात भिजवलेली जवाची भाकरी द्यावी. हाडांचा रस्सा आणि ठेचलेली हाडेही द्यावीत, दात मजबूत होतात. मात्र मेलेल्या मेंढीचे मांस मुळीच देऊ नये. एकदा चव लागली की राखणदारच कळपावर तुटून पडायचा! हे वाचताना मला माझ्या गावाकडचे धनगर आठवले. त्यांचा कुत्राही भाकरी-ताकावरच कळपामागे चालायचा. नामदेवांची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातल्या कुत्र्याने पळवली ती भाकरीच, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले.

म्हणजे भाकरी काल-परवाची नाही. नवे आहे ते बिस्कीट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या गल्ल्यांतून हातगाडीवर कुत्र्या-मांजरांसाठी घोड्याचे मांस विकत. तेही उकडलेले, काडीला टोचून. त्याच शहरात जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ आला. इमारतींवर वीज पडू नये म्हणून लावायच्या दांड्यांचा तो विक्रेता. गोदीत खलाशांनी टाकलेली जहाजावरची कडक बिस्किटे कुत्री आवडीने खाताना त्याने पाहिली, असे सांगतात. १८६१ साली त्याने पेटंट घेतले आणि गव्हाचे पीठ, भाज्या, बीट व वाळवलेले मांस यांची कुत्र्यांसाठी बिस्किटे बाजारात आणली. ती प्रथम घेतली शिकारीची कुत्री पाळणाऱ्या श्रीमंतांनी. या कंपनीत उमेदवारी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ साली स्वतःच्या नावाने कुत्र्यांचे प्रदर्शन भरवले. ते आजही जगप्रसिद्ध आहे. कुत्र्यासाठी बाजारातून वेगळे अन्न आणायचे, हा विचार तेव्हापासून रुजला.

आता याच काळातले दोन प्रसंग. माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म त्यांत आहे.

पहिला लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला. तिथे सिंहाच्या छाव्यांना मुडदूस होई. हाडे वाकत, छावे दगावत. त्यांना मिळे घोड्याचे नुसते मांस, कारण घोड्याची जाड हाडे छाव्यांना फुटत नसत. जॉन ब्लँड-सटन या शल्यविशारदाने सल्ला दिला की मांसाबरोबर चुरडलेली हाडे, दूध आणि कॉडलिव्हर ऑइल द्या. छावे काही महिन्यांत सुधारले. १८८९ साली त्याने ही हकिगत प्रसिद्ध केली. बघा, प्राणी सिंहाच्या जातीचा, अन्न कच्चे मांस, तरी उपासमार झालीच!

दुसरा प्रसंग तीस वर्षांनंतरचा. एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने कुत्र्याची पिल्ले घरात ठेवून मुख्यतः ओट, ब्रेड अशा धान्यावर वाढवली. त्यांनाही मुडदूस झाला. आहारात कॉडलिव्हर ऑइल घातले की तो टळे. १९१९ सालच्या या शोधातून पुढे 'ड' जीवनसत्त्वाचा पत्ता लागला आणि असंख्य माणसांची मुले त्या रोगातून वाचली. म्हणजे नुसते मांस फसले आणि नुसते धान्यही फसले.

पुढचा इतिहास बाजाराचा आहे. १९२२ साली अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे कुत्र्यांसाठी विकायला आले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली, डबे मागे पडले आणि सुके अन्न पुन्हा पुढे आले. १९५७ पासून यंत्रातून दाबून फुगवलेले दाणे किराणा दुकानांत पोहोचले. दोनच पिढ्यांत तिथल्या लोकांना वाटू लागले की कुत्र्याचे अन्न म्हणजे पिशवीतले दाणे.

याच्याविरुद्ध आवाज उठला ऑस्ट्रेलियात. इयन बिलिंगहर्स्ट या पशुवैद्यांनी १९९३ साली पुस्तक लिहून सांगितले की कुत्र्याला कच्ची, मांसल हाडे आणि भाज्या द्या. टॉम लॉन्सडेल यांचे पुस्तक २००१ साली आले. माझ्या तरुण शेजाऱ्याचा 'मूळचा आहार' लिखित स्वरूपात एवढ्या वयाचा आहे. पण या मंडळींना हसण्यावारी नेऊ नये. मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या अन्नाचे सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे परत मागवावी लागली. त्यातल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाइन हे रसायन मिसळले होते, प्रथिन जास्त दिसावे म्हणून. कितीतरी मुके जीव मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. पिशवीवरचा विश्वास उडाला आणि लोक खाटकाकडे वळले, यात नवल नाही.

मग लांडग्याचे काय? २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी कुत्र्याची आणि लांडग्याची जनुके ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत! माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर जगता जगता कुत्र्याचे पोटही बदलले. भाकरी त्याच्या रक्तातच उतरली म्हणा ना. आणि कच्च्या मांसाची दुसरी बाजूही पुढे आली. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१८ साली बाजारातले गोठवलेले ३५ कच्चे खाद्यपदार्थ तपासले. लिस्टेरिया हे घातक जंतू १९ पदार्थांत सापडले, साल्मोनेला सातांत. गोठवल्याने हे जंतू मरत नाहीत. कुत्रा एखादे वेळी पचवूनही टाकेल, पण त्याच तोंडाने तो घरातल्यांना चाटतो.

हे सगळे घेऊन मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मोतीला नीट तपासले. खाज गोचिडांची आणि त्वचेच्या विकाराची होती. पायांना वय झाले होते. "भाकरी चुकीची नाही," ते म्हणाले, "अपुरी आहे." गावातला कुत्रा भाकरी खाऊन दिवसभर हिंडतो. उंदीर मारतो, हाड शोधतो, कुणाच्या दारात अंडे नाहीतर मासळीचे डोके मिळवतो. धन्याने दिलेली भाकरी हा त्याच्या जेवणाचा एक भाग असतो. आम्ही मोतीला शहरात आणले, फाटक लावले आणि भाकरी तेवढी तीच ठेवली. माझी चूक झाली ती इथे. ज्याने कुत्र्याला कोंडले, त्याच्यावर त्याच्या सगळ्या ताटाची जबाबदारी येते.

आता मोतीला मांस वाढवले आहे, पण शिजवून आणि बिनहाडाचे. कॅल्शियम डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिले आहे. त्याचे दात झिजलेत आणि घरात रांगता नातू आहे, म्हणून कच्चे नको, असे आम्ही ठरवले. शेजारच्या तरुणाचा लॅब्रॅडॉर तरुण आहे, त्याचा निर्णय तो घेईल. मी त्याला एवढेच सांगितले की एका रात्रीत बदल करू नकोस, आधी पशुवैद्याकडून प्रमाण ठरवून घे, भांडी वेगळी ठेव, हात धू आणि शिजवलेले हाड कधीही देऊ नकोस, ते टोकदार फुटते आणि आतडे फाडते.

त्याने ऐकून घेतले. जाताना मोतीच्या थाळीकडे पाहिले. मटणाखाली अर्धी भाकरी होती. मोतीने पहिल्यांदा ती उचलली.