भंगारातल्या विमानाची जन्मखूण

एखाद्या बागेत, इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात किंवा लष्करी छावणीच्या दाराशी सिमेंटच्या चौथऱ्यावर जुनं लढाऊ विमान उभं केलेलं आपण पाहतो. बरोबरची पोरं विचारतात, ‘‘हे कुठलं विमान?’’ आणि आपण ठोकून देतो, ‘‘मिग.’’ पुष्कळदा ते मिग नसतंच. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातलं विमान मारुत आहे, म्हणजे बंगळुरात घडलेलं, १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं आपलं स्वतःचं जेट. पण त्याच्याकडे बोट दाखवूनही ‘मिग’च म्हणणारे भेटतात.

चौथऱ्यावरच्या विमानाचं एक बरं असतं, शेजारी निदान फलक तरी असतो. माळावर, जुन्या धावपट्टीच्या कडेला किंवा भंगाराच्या ढिगात पडलेल्या विमानाला तोही नसतो. रंग उडालेला, काच फुटलेली, इंजिन आधीच कुणीतरी नेलेलं. अशा बेवारस विमानाची ओळख पटवायची कशी?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग दुरुस्त करण्यात माझं उभं आयुष्य गेलं. तिथे ही अडचण आम्हाला नेहमीची. कुठलीशी गिरणी बंद पडते, तिचे माग लिलावात निघतात आणि चार हात फिरून सोलापुरात येतात. येईपर्यंत नावाची पाटी गेलेली असते आणि अंगावर रंगाचे थर चढलेले असतात. मग फिटर काय करतो? आधी ओतीव सांगाडा खरवडून अक्षरं शोधतो. ती नाही सापडली तर पाना लावून बघतो. बोल्ट इंची मापाचा की मिलिमीटरचा? आटे जुन्या विलायती पद्धतीचे की दुसरे? त्यावरून मागाचा मुलूख कळतो. मुलूख कळला की पुढचं सोपं.

विमानाचंही तसंच आहे. हंटर आणि नॅट ही मुळात इंग्लंडची विमानं, तिथला कारभार इंची. मिस्टेअर फ्रान्सचं आणि मिग रशियाचं, तिथे मिलिमीटर. आतल्या पंपांवर, नळ्यांच्या जोडांवर, झाकणांवर बारीक ठसे आणि पाट्या असतात. बाहेरून ओळखायचं तर हवा आत घेणारं तोंड बघावं. मिग-२१चं तोंड थेट नाकात असतं आणि त्याच्या मधोमध शंकू असतो. हंटरची तोंडं पंख जिथे अंगाला मिळतात तिथे, नॅट आणि मारुतची दोन्ही कुशींना. कॅनबेराची इंजिनंच पंखांत बसवलेली. व्हॅम्पायरच्या शेपटीला दोन दांड्या, त्यामुळे ते लांबूनही चुकत नाही. नॅट तर इतकं लहान की एसटीची गाडी शेजारी उभी केली तर गाडीच मोठी दिसेल.

पण यावरून कळते ती फक्त जात. नेमकं हे विमान कुठलं, ते कुणी चालवलं, कुठे लढलं, हे कळायला क्रमांक लागतो. आपल्या हवाई दलात त्या काळी क्रमांकाच्या आधी इंग्रजी अक्षरं असत. हंटरला बीए, कॅनबेराला आयएफ, नॅटला आयई, मारुतला बीडी. वरचा रंग उडाला तरी खालच्या थरात ही अक्षरं पुसट दिसतात. (एक सांगून ठेवतो. माळावर असं काही सापडलंच तर आत चढून बसू नये. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीत स्फोटक असतं आणि ते जुनं झालं म्हणून विझलं असं नाही. पोलिसांना कळवावं.)

क्रमांकाचं मोल काय असतं ते पसरूरच्या नॅटवरून कळतं. ३ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानशी युद्धाला तोंड फुटलं होतं. त्या दिवशी आपलं एक नॅट सरहद्दीपलीकडे पसरूर इथल्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर उतरलं. वैमानिक स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद युद्धकैदी झाले आणि धडधाकट विमान शत्रूच्या हाती पडलं. पाकिस्तान म्हणतं, आमच्या स्टारफायटरने त्याला दबकावून उतरवलं. आपल्याकडची हकीकत वेगळी : वैमानिक सोबत्यांपासून तुटला, इंधन सरत आलं आणि खाली दिसलेली धावपट्टी आपलीच समजून तो उतरला. साठ वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. दोन्ही बाजूंचं एकमत आहे ते विमानाच्या क्रमांकावर, आयई १०८३. पाकिस्तानी वैमानिकांनी ते उडवूनही पाहिलं. पुढे ते कराचीच्या हवाई दल संग्रहालयात गेलं. सिकंद परत आले आणि पुढे एअर मार्शलच्या हुद्द्यापर्यंत पोचले.

हे विमान टाकून दिल्याच्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांची ओळख खरोखर पुसायला निघाले होते, त्यांची गोष्ट याहून मोठी आहे. ती जेट विमानं नव्हती, चार पंख्यांची बॉम्बफेकी विमानं होती. त्या गोष्टीचा एक धागा आपल्या सोलापुरातून निघतो, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

वालचंद हिराचंद सोलापूरचे. जन्म १८८२चा, इथलाच. त्यांच्या नावाची कॉलेजं आपल्याला माहीत आहेत. आमच्या एमआयडीसीतले कितीतरी इंजिनिअर तिथूनच शिकून आले. १९३९ साली परदेशप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी पडली आणि हिंदुस्थानात विमानाचा कारखाना काढायचं घाटू लागलं. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. दोन वर्षांत युद्धाच्या गरजेपायी सरकारने ती ताब्यात घेतली आणि पुढे अमेरिकी हवाई दलाची विमानं तिथे दुरुस्तीला येऊ लागली. नवी विमानं बनवण्याचं वालचंदांचं स्वप्न लांबलं खरं. पण बंगळूरच्या कामगारांचा हात अमेरिकी विमानांवर बसला.

युद्ध १९४५ साली संपलं. ब्रिटिश हवाई दलाकडे अमेरिकेने युद्धापुरती दिलेली बी-२४ लिबरेटर विमानं होती. पंखांचा विस्तार ११० फूट, चार इंजिनं, प्रत्येकी १२०० अश्वशक्तीचं. करार असा की, युद्ध संपल्यावर विमानं एकतर परत द्यायची नाहीतर नष्ट करायची. परत कोण नेतो? ती कानपूरजवळ चकेरीच्या तळावर आणून लावली आणि निकामी केली. कुणावर ट्रक घातले, कुणाच्या इंजिनात वाळू ओतली, कुणाची उपकरणं घण घालून फोडली. सुमारे शंभर विमानं अशी ऊन-पावसात पडून राहिली.

१९४७-४८ मध्ये काश्मीरची लढाई आली. आपल्याकडे मोठं बॉम्बफेकी विमान एकही नव्हतं. माल वाहणाऱ्या डाकोटा विमानांच्या दारातून बॉम्ब ढकलायची वेळ आली होती. तेव्हा कुणाला तरी कानपूरचं भंगार आठवलं. हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसं तिथे गेली. एका विमानाचा धड पंख, दुसऱ्याची शेपटी, तिसऱ्याचं इंजिन असं जुळवून एकेक विमान बंगळूरपर्यंत उडेल इतपत उभं केलं. तिथवर ती नेली कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. आमच्या भाषेत सांगायचं तर, गाडी गॅरेजपर्यंत पोचेल इतकी बांधली आणि गॅरेजला नेऊन मग पुरी खोलली. फरक एवढाच की वाटेत बंद पडली तर रस्त्याकडेला लावायची सोय नाही. बंगळुरात पूर्ण दुरुस्ती होऊन नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली विमानं हवाई दलाच्या पाच नंबरच्या स्क्वाड्रनला मिळाली. एकूण चाळीसएक लिबरेटर अशी भंगारातून उठली.

पुढे सहा नंबरची स्क्वाड्रन पुण्यातून ही विमानं चालवत असे. नवी कॅनबेरा आल्यावर बॉम्बफेकीचं काम त्यांच्याकडे गेलं, पण समुद्रावर लांबवर टेहळणी करायला लिबरेटर राहिली. लोहगावच्या तळावरून ही अवजड विमानं घुमत निघत ती अरबी समुद्रावर तासन् तास फिरायला. ३१ डिसेंबर १९६८ ला ती निवृत्त झाली. जगात या जातीची अठरा हजारांवर विमानं बनली होती. लष्करी सेवेतली अगदी शेवटची उरली ती आपल्याकडे.

त्या सुमारास जगाला जाग आली. इतर देशांनी आपली लिबरेटर केव्हाच वितळवली होती. संग्रहालयांना एखादं हवं तर दार ठोठवायचं ते भारताचंच. १९६८ मध्ये एक कॅनडाला गेलं, १९६९ मध्ये एक अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला, १९७४ च्या जुलैत एक इंग्लंडला. एकेकाळी वाळू ओतून संपवलेली ही विमानं स्वतः उडत परदेशी गेली, हे ध्यानात घ्या.

इंग्लंडला गेलेल्या विमानावर आपल्याकडचा क्रमांक होता एचई ८०७. तेवढ्यावर गोष्ट थांबली असती. पण मागे जात शोध घेतला तर त्याचा ब्रिटिश क्रमांक केएन ७५१ आणि त्याहून आधीचा अमेरिकी क्रमांक ४४-५०२०६. मिशिगनमध्ये विलो रनच्या फोर्ड कारखान्यात बनलेलं, ब्रिटिशांच्या ९९ नंबरच्या स्क्वाड्रनबरोबर १९४५ साली कोकोस बेटांवर गेलेलं, मग कानपूरला टाकलेलं. एका विमानाला तीन देशांची तीन नावं. माहेरचं, सासरचं आणि घर सोडल्यानंतरचं म्हणा हवं तर.

इथे एक फिटरी प्रश्न मला पडतोच. पंख एकाचा, शेपूट दुसऱ्याचं, तर हे विमान केएन ७५१ म्हणायचं कशावरून? मागाच्या बाबतीत आम्ही सांगाड्यावरून ठरवतो, बाकी सगळं बदललं तरी. विमानवाल्यांचीही रीत साधारण तीच, धडाचा क्रमांक तो विमानाचा क्रमांक. रीत म्हणून ठीक आहे. पण कानपूरची हकीकत वाचल्यावर वाटतं की, या विमानात तीन-चार भावंडांचे अवयव असतील आणि त्या भावंडांचे क्रमांक कुठल्याच फलकावर लिहिले जाणार नाहीत.

मला खटकतं ते आणखी वेगळं. इंग्लंडच्या संग्रहालयात हे विमान केएन ७५१ म्हणून, युद्धकाळातल्या ब्रिटिश खुणा घेऊन उभं आहे. अ‍ॅरिझोनातल्यावर अमेरिकी रंग आणि अमेरिकी टोपणनाव आहे. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, ज्याचं संग्रहालय त्याचा इतिहास. पण हिशोब मांडून बघा. महायुद्धात केएन ७५१ ची सेवा काही महिन्यांची. भारतात या विमानांनी काढली वीस वर्षं. आपल्याकडे नुसती वापरली नाहीत, आपल्या माणसांनी ती दुसऱ्यांदा घडवली. रंगाच्या खाली जो सगळ्यात जाड थर आहे, तो आपला आहे. तो वाचायला कुणीतरी एचई ८०७ हे नाव आठवावं लागतं.

हे वाचायला परदेशीच जायला हवं असं नाही. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक लिबरेटर ठेवलेलं आहे. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन हे मोठं विमान उघड्यावर उभं आहे. पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात. ते आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, मग हवाई दलाकडे येऊन लिबरेटरांच्या जोडीने समुद्रावर टेहळणीला लागलं आणि १९७६ मध्ये नौदलाकडे गेलं. तीन मालक, तीन क्रमांक, अंगावर दिसतो फक्त शेवटचा.

कॅनडाला दिलेल्या लिबरेटरच्या बदल्यात आपल्याला एक जुनं लायसँडर मिळालं, तेही पालमलाच आहे. आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने १९४२ साली ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध याच जातीची विमानं उडवली होती. तेव्हाचं आपलं एकही उरलेलं नव्हतं, म्हणून कॅनडाचं आणावं लागलं.