मूळ संहिता कोणती? : ‘रुडॉल्फ’ची तीन रूपे

रूपांतराचा विचार करताना आपण बहुधा एक सरळ रेषा गृहीत धरतो. आधी मूळ कृती, नंतर तिची रूपांतरे. आणि मूल्यमापन म्हणजे रूपांतर मुळाशी किती इमान राखते याचा हिशेब. ‘मुळाबरहुकूम’ हा आपल्या समीक्षेत सहजपणे वावरणारा शब्द या गृहीतकावरच उभा आहे. अमेरिकेतील नाताळगीतांच्या परंपरेत मात्र एक उदाहरण असे आहे की, त्याच्यापुढे ही रेषा टिकत नाही. लाल नाकाच्या रुडॉल्फ या रेनडिअरचे गीत १९४९ सालचे. या गीतावरून चित्रपुस्तके, दूरचित्रवाणीपट आणि संगीतिका निघाल्या, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ते गीत स्वतःच १९३९ सालच्या एका सचित्र पुस्तिकेचे रूपांतर आहे. कालक्रमाने जी कृती पहिली, ती पुढच्या निर्मितीच्या दृष्टीने दुय्यम ठरली आणि रूपांतराला मुळाचे स्थान मिळाले. हे कसे घडले आणि त्या स्थित्यंतरात कथेतून काय गळून गेले, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

पुस्तिकेचा जन्म साहित्यव्यवहारात झालेला नाही. शिकागोतील माँटगोमेरी वॉर्ड ही व्यापारी कंपनी दरवर्षी नाताळात मुलांना रंगवण्याची पुस्तके विकत घेऊन फुकट वाटत असे. स्वतःची पुस्तिका काढली तर खर्च वाचेल, या हिशेबाने १९३९ साली हे काम रॉबर्ट मे या जाहिरातलेखकाकडे सोपवण्यात आले. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, त्यांची पत्नी कर्करोगाने वारली. वरिष्ठांनी काम काढून घेण्याची तयारी दाखवली. मे यांनी ती नाकारली आणि ऑगस्टअखेर मजकूर पुरा केला. चार वर्षांची मुलगी बार्बरा ही त्याची पहिली श्रोती. चित्रे डेन्व्हर गिलन यांनी काढली. लाल नाक म्हटले की मद्यपी आठवतो, ही वरिष्ठांची धास्ती त्या चित्रांनी घालवली. पहिल्याच नाताळात सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. युद्धकाळातील कागदटंचाईमुळे वाटप थांबले आणि १९४६ मध्ये आणखी सुमारे ३६ लाख प्रती निघाल्या.

घाटाच्या दृष्टीने पाहता, ही पुस्तिका १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या, क्लेमेंट मूर यांच्या मानल्या जाणाऱ्या, सांताक्लॉजच्या आगमनावरील कवितेच्या छंदात चालते. सांताच्या आठ रेनडिअरांची नावे त्या कवितेतूनच रूढ झाली. मे यांचा रुडॉल्फ मात्र या आठांच्या कळपातला नाही. तो अन्यत्र, आपल्या आईबापांच्या घरात राहतो. सवंगडी त्याला हिणवतात. घरात त्याला तसे काही सोसावे लागत नाही. धुक्याच्या रात्री सांता भेटवस्तू ठेवण्यासाठी त्याच्या खोलीत येतो आणि झोपलेल्या पोराच्या नाकाचा उजेड पाहून थबकतो. मदतीला निघताना रुडॉल्फ आईवडिलांसाठी चिठ्ठी लिहून ठेवतो. कथेच्या अर्थाच्या दृष्टीने ही चिठ्ठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रात्रीबेरात्री घर सोडताना मागे कोणीतरी काळजी करील, अशी खात्री असलेलेच मूल चिठ्ठी लिहिते. उपयोगी ठरल्यावर मिळणारा जयजयकार या कथेतही आहे, हे नाकारता येत नाही. पण उपयोग सिद्ध होण्याच्या आधीपासून हे मूल कोणाचे तरी आहे.

गीतात ते कोणाचेच नाही. जॉनी मार्क्स हे मे यांचे मेहुणे, बहिणीचे यजमान. त्यांनी केलेले गीत जीन ऑट्री यांनी ध्वनिमुद्रित केले आणि १९४९च्या नाताळात ते लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. गीताला अवकाश दोन-तीन मिनिटांचा. त्यामुळे घर, आईबाप, झोपेची खोली, चिठ्ठी हे सारे वगळले गेले. आरंभीच मूरच्या आठ नावांची उजळणी करून रुडॉल्फला त्यांच्या शेजारी आणून उभे केले. बहिष्कार, धुके, सांताची विनंती आणि स्वीकार एवढाच सांगाडा उरला. कालचा तिरस्कार आजच्या प्रेमात का बदलला, याचे उत्तर गीत देते ते एकच : तो कामाला आला. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील ‘रिक्त जागां’विषयी जे विवेचन केले, ते वाचकाच्या संदर्भात होते. येथे त्या रिक्त जागा पुढच्या निर्मात्यांनी व्यापल्या. पुस्तिका भरलेली होती. तिच्यात शिरायला फट नव्हती. गीत पोकळ होते, म्हणून ते प्रसवक्षम ठरले.

याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. मॅक्स फ्लायशर यांनी १९४८ साली पुस्तिकेवरून लहानसा व्यंगचित्रपट केला होता. गीत गाजल्यावर तो पुन्हा प्रदर्शित करताना त्याला गीत जोडण्यात आले. निर्णायक उदाहरण १९६४ सालचे. रँकिन आणि बास यांच्या संस्थेने जपानमध्ये बाहुल्यांच्या साह्याने चित्रित करून घेतलेला दूरचित्रवाणीपट ६ डिसेंबरला एनबीसीवर दाखवला गेला. संहिता रोमिओ म्यूलर यांची, गाणी मार्क्स यांची. येथे रुडॉल्फला पुन्हा बाप मिळतो, पण कोणता? डोनर, म्हणजे गीतातल्या यादीतलाच एक. हा बाप पोराच्या नाकाची लाज बाळगतो, ते झाकून ठेवतो. सांतादेखील नापसंती लपवत नाही. गीतातील बहिष्काराचे कारण शोधता शोधता म्यूलर थेट घरापर्यंत पोहोचले आणि पुस्तिकेतील आधाराच्या जागी त्यांनी जखम ठेवली. दंतवैद्य होऊ पाहणारा बुटका, नाकारलेल्या खेळण्यांचे बेट ही सारी त्या एका जखमेची आवर्तने आहेत. पहिल्या प्रक्षेपणात त्या खेळण्यांची सुटका दाखवलेली नव्हती. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या आणि १९६५ मध्ये तसा प्रसंग जोडावा लागला. उपयोगाविना स्वीकार व्हावा, ही मागणी येथे प्रेक्षकांनीच नोंदवली, असे म्हणता येईल. (या पटावर रोमन अंकांत छापलेले साल चुकून ११६४ असे आहे, मूळ शोधणाऱ्याने कालक्रमावर किती विसंबावे, याची ही अनाहूत थट्टाच.)

चित्रपुस्तकांची वाट थोडी निराळी आहे. १९५८ साली ‘लिटल गोल्डन बुक’ मालिकेत बार्बरा शूक हेझन यांनी मे यांच्या कथेवरून लिहिलेले आणि रिचर्ड स्कॅरी यांनी चित्रे काढलेले पुस्तक आले. रंगभूमीने मात्र पुस्तक बाजूस ठेवले. अटलांटातील सेंटर फॉर पपेट्री आर्ट्स येथे २०१० पासून होऊ लागलेला बाहुल्यांचा प्रयोग काय किंवा त्यानंतरच्या दशकात अमेरिकेत फिरू लागलेली संगीतिका काय, दोहोंचा आधार १९६४चा पट हाच आहे. पात्रांचा पेहराव आणि चेहरेही त्या बाहुल्यांवरून बेतलेले. म्हणजे रंगमंचावर आले ते रूपांतराच्या रूपांतराचे रूपांतर.

लेखकाचे काय झाले? रोलां बार्त यांनी १९६७ साली लेखकाचा मृत्यू घोषित केला. मे तर नोकरीच्या करारानुसार आरंभापासूनच आपल्या मजकुराचे मालक नव्हते. पत्नीच्या आजारपणातील कर्ज डोक्यावर असताना लक्षावधी प्रती वाटल्या जात होत्या आणि त्यांना त्यातून काही मिळत नव्हते. १९४७च्या आरंभी कंपनीचे प्रमुख स्यूएल एव्हरी यांनी सर्व हक्क त्यांना देऊन टाकले आणि त्याच वर्षी पुस्तक विक्रीसाठी बाजारात आले. पुढे लोकांनी मे यांच्या चरित्राचेही रूपांतर केले. शोकाकुल बापाने मुलीसाठी घरी कथा रचली आणि मग ती कंपनीला विकली, असे सांगितले जाऊ लागले. मे यांनी १९७५ साली स्वतः लिहिलेली हकीकत याच्या उलट आहे : आधी वरिष्ठांचा आदेश, मग कथा. बाजारी मागणीतून खरे दुःख व्यक्त होऊ शकते, हे स्वीकारणे लोकमानसाला जड गेले असावे. चिठ्ठी लिहून ठेवणारे मूल ज्याने कल्पिले, तो त्या वेळी मुलीसह मागे उरलेला होता. शाळकरी मुलांसाठी आता या संगीतिकेची संक्षिप्त आवृत्तीही परवान्याने मिळते. तीत बापाची भूमिका करणारा मुलगा डोनर होतो.