शीख धर्म

शीख धर्म : गुरू नानक (१४६९–१५३९) यांच्या उपदेशातून पंजाबात उदयास आलेला एकेश्वरवादी धर्म. ‘शीख’ हा शब्द संस्कृत ‘शिष्य’ या शब्दापासून आला आहे. शिष्य म्हटला की गुरू आलाच. परंतु तो गुरू कोण, याचे उत्तर पुढील दोन शतकांत बदलत गेले आणि त्या बदलाबरोबरच शिखांची पृथक ओळख घडत गेली.

नानकांच्या मते ईश्वर एक, निराकार, अजन्मा व कालातीत (अकाल) आहे. अवतारकल्पना, मूर्तिपूजा व जातिभेद त्यांनी नाकारले. कर्म व पुनर्जन्म हे सिद्धांत मात्र स्वीकारले. मनुष्य बंधनात राहतो तो अहंतेमुळे (हौमै) व सुटतो तो नामस्मरणाने आणि ईश्वरी कृपेने. त्यासाठी संसारत्यागाची गरज नाही. नाम जपावे, कष्टाने मिळवावे व वाटून खावे, ही शीख आचाराची त्रिसूत्री होय. नानक स्वतः उत्तरायुष्यात रावीकाठी कर्तारपूर येथे शेती करून गृहस्थाप्रमाणे राहिले आणि वारस म्हणून त्यांनी पुत्रांऐवजी अंगद या शिष्याची निवड केली. सर्वांनी एका पंगतीत जेवण्याच्या ‘लंगर’ प्रथेने अन्नव्यवहारातील जातिबंधनावर थेट आघात केला. विवाहसंबंधांत ही बंधने पुष्कळशी टिकून राहिली, हेही नमूद केले पाहिजे.

पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. गुरूंच्या रचनांबरोबर त्यात कबीर, रविदास, शेख फरीद इत्यादींच्या रचना आहेत. महाराष्ट्रातील संत नामदेवांची ६१ पदेही त्यात आहेत. ‘गुरुवाणी’ एका पंथापुरती मर्यादित नाही, ही भूमिका या संग्रहातून स्पष्ट होते. अर्जुनदेवांचा जहांगीराच्या (१६०६) व नववे गुरू तेगबहादुर यांचा औरंगजेबाच्या कारकीर्दीत (१६७५) वध झाला. गुरू हरगोविंद यांनी आध्यात्मिक व ऐहिक सत्तेच्या निदर्शक अशा दोन तलवारी धारण केल्या, तो या संघर्षाचाच परिणाम होय.

१६९९ च्या वैशाखीस गुरू गोविंदसिंग यांनी आनंदपूर येथे खालसा पंथ स्थापिला. पाच शिष्यांना (पंज प्यारे) त्यांनी अमृतदीक्षा दिली व नंतर त्यांच्याकडूनच स्वतः दीक्षा घेतली. गुरूने शिष्यांपुढे शिष्य व्हावे, ही घटना धर्मेतिहासात विरळाच. दीक्षित पुरुषांनी ‘सिंग’ व स्त्रियांनी ‘कौर’ हे नामाभिधान घ्यावे आणि केस, कंगवा, कडे, कच्छ व किरपाण हे पाच ककार धारण करावेत, असा दंडक आहे. १७०८ मध्ये नांदेड येथे गुरूंचे देहावसान झाले. तत्पूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा संपवून ग्रंथालाच गुरुपद दिले, अशी शिखांची श्रद्धा आहे.

गुरुद्वारात ग्रंथाला त्यामुळे सार्वभौम राजाचा मान मिळतो : वर चांदवा, बाजूस चवरी, रात्री विधिपूर्वक विश्राम. तथापि ही मूर्तिपूजा नव्हे, मान असतो तो शब्दाला, असे शीख मानतात. वंशपरंपरागत पुरोहितवर्ग नाही. ग्रंथवाचन कोणीही स्त्री-पुरुष करू शकतो. विवाहात (आनंद कारज) वधूवर अग्नीऐवजी ग्रंथाला चार प्रदक्षिणा घालतात.

सर्वच शिखांनी अमृतदीक्षा घेतलेली नसते. केस न राखणाऱ्या ‘सहजधारी’ अनुयायांमुळे हिंदू समाजाशी असलेली सीमारेषा दीर्घकाळ धूसर होती. ती रेखीव करण्याचे कार्य १८७३ मध्ये अमृतसर येथे सुरू झालेल्या सिंगसभा चळवळीने केले. आनंद विवाह कायदा (१९०९), गुरुद्वारा कायदा (१९२५) आणि १९४५ ची ‘रहत मर्यादा’ ही आचारसंहिता हे त्यापुढील टप्पे होत. एक ईश्वर, दहा गुरू, ग्रंथ आणि अमृतदीक्षा यांवर श्रद्धा असणारा व अन्य धर्म न मानणारा तो शीख, असे या संहितेत म्हटले आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने किरपाण धारण करण्याचा हक्क मान्य केला. परंतु त्याच अनुच्छेदातील एका तरतुदीपुरता ‘हिंदू’ या संज्ञेत शिखांचा समावेश झाल्याने मोठा विवाद उद्‍भवला. संसदेने २०१६ मध्ये गुरुद्वारा कायद्यात दुरुस्ती करून सहजधारींचा गुरुद्वारा प्रबंधक मंडळाच्या निवडणुकीतील मताधिकार पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतला.