लांझारोटे : लाव्ह्यावरची सुट्टी

आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून अवघ्या सव्वाशे किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात लांझारोटे हे बेट आहे. राज्य स्पेनचे, युरोपीय संघाचाच भाग आणि चलन युरो. भूगोल मात्र सहाराच्या शेजारचा. क्षेत्रफळ सुमारे ८४५ चौरस किलोमीटर, लोकवस्ती दीड लाखाच्या आसपास आणि वर्षाकाठी येणारे पर्यटक सुमारे तीस लाख. कॅनरी द्वीपसमूहातील या बेटावर वर्षभर ऊन असते. हिवाळ्यातही दुपारचे तापमान सहसा वीस अंशांच्या आसपास राहते. त्यामुळे ब्रिटन, जर्मनी आणि आयर्लंडमधील थंडीने गारठलेले लोक येथे धाव घेतात.

या बेटाचे आजचे रूप १ सप्टेंबर १७३० च्या रात्री घडू लागले. त्या रात्री जमीन दुभंगली आणि उद्रेकांचे सत्र १७३६ पर्यंत सुरू राहिले. यैझा गावचे धर्मगुरू आंद्रेस लोरेन्झो कुर्बेलो यांनी या संकटाची रोजनिशी लिहून ठेवली होती. बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा, त्यात सुपीक जमीन आणि तिमानफाया नावाचे गावही, लाव्हारस आणि राखेखाली गेले. अनेक कुटुंबांनी शेजारच्या बेटांचा रस्ता धरला. १८२४ मध्ये पुन्हा एक लहान उद्रेक झाला. त्यानंतर बेट शांत आहे. सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्ह्याचाच. पण त्याला साडेसहा कोटी वर्षे लोटली आहेत. येथील खडक त्या मानाने कालचाच म्हणायचा.

ज्या गावाचा बळी गेला त्याचेच नाव १९७४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला मिळाले. तेथे जमिनीखाली काही मीटरवर अजूनही भट्टीसारखी धग आहे. खड्ड्यात टाकलेली वाळकी झुडपे भुरूभुरू पेट घेतात. नळीत ओतलेले बादलीभर पाणी क्षणात वाफेचा फवारा होऊन उसळते. उपाहारगृहातील मांसही याच उष्णतेवर भाजले जाते. लाव्ह्यावर मनसोक्त भटकण्यास मात्र बंदी आहे. ठरलेल्या मार्गावर बसमधूनच फिरावे लागते आणि ते योग्यच आहे. तेथील दगडफुलाची वाढ इतकी संथ असते की एका पावलाने झालेली हानी भरून निघण्यास अनेक वर्षे लागतात.

राखेने शेती बुडवली आणि राखेनेच ती पुन्हा उभी केली, हा येथील सर्वांत विलक्षण भाग. पाऊस वर्षाला जेमतेम शंभर ते दीडशे मिलिमीटर. ही काळी भुसभुशीत राख दव शोषून घेते आणि खालच्या मातीतील ओल उडू देत नाही, हे शेतकऱ्यांच्या ध्यानात आले. ला खेरिया भागात त्यांनी राखेत खोल खड्डे खणले, प्रत्येकाच्या तळाशी द्राक्षवेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूने दगडांचा अर्धगोल बांध घातला. असे हजारो खड्डे आजही दिसतात. यंत्र तेथे उतरत नाही. तोडणी हातानेच होते.

समुद्राकडे वळावे तर प्रत्येक किनाऱ्याचा स्वभाव निराळा. दक्षिण टोकाला पापागायोच्या लहान, आडोशाच्या पुळणी पोहण्यास उत्तम. कोस्टा तेगीसे येथे ईशान्येचा व्यापारी वारा नियमित वाहतो, म्हणून विंडसर्फिंग शिकणाऱ्यांची तेथे गर्दी. पश्चिमेकडील फामाराच्या लाटा सर्फिंगसाठी प्रसिद्ध आहेत. पण प्रवाह ओढीचे असल्याने साध्या पोहणाऱ्याने तेथे धाडस न करणे बरे. पाण्याचे तापमान १८ ते २३ अंश, म्हणजे कोकण-गोव्याच्या मानाने चांगलेच गार. प्लाया ब्लांकाजवळ सुमारे १२ ते १४ मीटर खोलीवर जेसन डीकेअर्स टेलर यांचे सागरतळाचे शिल्पसंग्रहालय आहे. त्यातील निर्वासितांनी भरलेला तराफा पाहून पाणबुड्यांची मौज क्षणभर थबकते, कारण याच समुद्रातून आफ्रिकेतील हजारो माणसे जीव धोक्यात घालून कॅनरी बेटांकडे येत असतात.

बेट काँक्रीटखाली गेले नाही याचे मोठे श्रेय चित्रकार सेझार मान्रिके यांना जाते. अरेसिफेत १९१९ साली जन्मलेले मान्रिके १९६६ मध्ये न्यूयॉर्कहून परतले आणि बुटकी पांढरी घरे, हिरवी-निळी दारे-खिडक्या, रस्त्याकडेला जाहिरात फलक नाहीत, हा आग्रह त्यांनी प्रशासनाच्या गळी उतरवला. १९९२ मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोने संपूर्ण बेटाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. मोहाची धार मात्र बोथट झाली नाही. किनाऱ्यावरील अनेक हॉटेलांचे परवाने न्यायालयांनी बेकायदा ठरवले. पिण्याचे पाणी जवळजवळ सर्वच समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागते. घरभाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. एप्रिल २०२४ मध्ये सर्व कॅनरी बेटांवर हजारो रहिवासी अनिर्बंध पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर उतरले, त्यांत लांझारोटेही होते.

भारतातून थेट विमान नाही. शेंगेन व्हिसा काढून माद्रिद किंवा अन्य युरोपीय शहरातून जावे लागते. शाकाहारी मंडळींची अगदीच उपासमार होत नाही. मिठाच्या पाण्यात उकडलेले सुरकुतलेले बटाटे आणि लसूण-मिरचीची मोहो चटणी सर्वत्र मिळते. ठेच्याची सवय असलेल्या जिभेला ती सौम्य वाटेल. उत्तरेला लाव्ह्याच्या भुयारात मान्रिके यांनी सजवलेले खामेओस देल आग्वा चुकवू नये. तेथील खाऱ्या तळ्यात जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचे, पांढरे, आंधळे कवचधारी जीव राहतात. नाणी गंजून पाणी दूषित होते व या जीवांना अपाय होतो, म्हणून तळ्यात नाणे टाकण्यास सक्त मनाई आहे.